कोणासाठी लिहायचे? : स्त्री-लेखनातील सुबोधतेचा वाद



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान दिल्याबद्दल मी शाळेची ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या बाईंनी आयुष्यभर मराठी शिकवले. आणि तेही अशा शहरात, जिथे एकच मुलगी घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात उर्दू आणि कचेरीत इंग्रजी बोलते. एखादी गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी, आणि त्या भाषेच्या कोणत्या थरातून सांगावी, हा प्रश्न कोठी-सुलतान बाजारच्या रहिवाशाला रोजच पडतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद निवडला आहे. स्त्रियांच्या मुक्तीसाठी लिहिणाऱ्या लेखिकांनी कोणासाठी लिहावे? सामान्य बाईला कळेल असे लिहावे, की विचाराची खोली राखण्यासाठी थोड्यांनाच कळेल असे लिहिण्याचा धोका पत्करावा? ‘तुमचे लेखन अभिजनांचे आहे’ असा आरोप एका बाजूने होतो. ‘सोपेपणाच्या नावाखाली तुम्ही विचार पातळ करता’ असे उत्तर दुसऱ्या बाजूने मिळते. हा वाद पुरुषांनी स्त्रियांशी घातलेला नाही. तो स्त्रियांनी आपसांत घातला आहे, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

वादाची तीन अंगे

इतिहासात शिरण्यापूर्वी ‘सुबोध’ या शब्दाची थोडी फोड करू. एखादे लिखाण वाचकाच्या आवाक्यात आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली गोष्ट शब्दांची : वाक्य कळते की नाही. दुसरी वाटेची : पुस्तक किती छापले, किती किमतीला विकले, कोणत्या ग्रंथालयात पोहोचले, वाचणारीला अक्षरओळख आहे का. तिसरी गोष्ट हक्काची : वाचणारी बाई त्या पुस्तकात केवळ उपदेशाची धनी आहे, की तिचे बोलणे, तिचा अनुभव आणि तिचा आक्षेप यांनाही तेथे जागा आहे. वाद घालताना आपण बहुधा पहिल्या अंगाविषयीच बोलतो. माझे प्रतिपादन असे आहे की, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील खरा झगडा तिसऱ्या अंगाविषयीचा आहे. भाषा सोपी करूनही दार बंद ठेवता येते, आणि भाषा कठीण असूनही दार उघडे असू शकते. हे विधान तपासून पाहण्यासाठी आपण १८८२ सालापासून आरंभ करू.

१८८२ : दोन पुस्तके

आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर रेसिडेन्सीची वास्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रेसिडेंटसाठी ती उभारली गेली, आणि ‘कोठी’ हे या वस्तीचे नाव तिच्यावरूनच पडले. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, आणि त्या प्रांतावरची देखरेख १९०३ पर्यंत याच रेसिडेंटकडे होती. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे मुख्य कारकून होते. सत्यशोधक विचारांच्या या गृहस्थांच्या मुलीने १८८२ साली एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. मुलीचे नाव ताराबाई, आणि पुस्तकाचे ‘स्त्री-पुरुष तुलना’. मराठी स्त्री-विचारातील या अत्यंत निर्भीड पुस्तकाची लेखिका ज्या मुलुखात वाढली, त्या मुलुखाचा कारभार शेवटी कोठीतील या वास्तूकडे पाहत होता, ही गोष्ट आपण हैदराबादकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करून जन्मठेपेची, काळ्या पाण्याची करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी राळ उडाली तिने संतापून ताराबाईंनी लेखणी उचलली. त्यांचा मुद्दा सरळ आहे : जे जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते ते पुरुषात आहेत की नाहीत, हे एकेक करून मोजून पाहा. त्यांची भाषा माजघरातली आणि ओसरीवरची आहे. म्हणी, टोमणे, शिव्याशाप, थेट ‘तुम्ही’ म्हणून केलेला जाब, सगळे तिच्यात आहे. प्रस्तावनेत त्या स्वतःला घरात कोंडलेली, अडाणी बाई म्हणवतात, आणि पुढे एकाही पानावर अडाण्यासारखा युक्तिवाद करत नाहीत.

त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. रमाबाई तेव्हा नुकत्याच पुण्यात आल्या होत्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही दोन्ही कामे त्याच सालची. स्त्रियांनी स्वावलंबी व्हावे, शिकावे, समज आल्यावर आपल्या पसंतीने विवाह करावा, मुलांचे संगोपन नीट करावे, असा या पुस्तकाचा उपदेश आहे. पुस्तक अशिक्षित भगिनींसाठी लिहिलेले आहे. परंतु त्यातील मराठी संस्कृतप्रचुर आहे, आणि त्यातील लांबलचक समास त्या भगिनींना एकटीने वाचून कळले असते असे वाटत नाही. याला दंभ म्हणणे अन्यायाचे होईल. रमाबाईंचे सारे शिक्षण संस्कृतात झाले होते आणि बालपण देशभर पुराणे सांगत हिंडण्यात गेले होते. त्यांना जी भाषा सिद्ध होती तीच त्यांनी वापरली. शिवाय विद्वानांच्या सभेत बाईचा शब्द ऐकून घेतला जावा म्हणून विद्वानांचीच भाषा बोलणे, हा त्या काळी प्रवेशाचा परवाना होता.

या दोघींनी एकमेकींना उद्देशून काही लिहिल्याचा दाखला नाही. तरीही मराठीतील या वादाच्या दोन बाजू त्या एका वर्षात समोरासमोर उभ्या राहिल्या. एक पुस्तक बाईला सुधारू पाहते आणि पंडिती भाषेत बोलते. दुसरे पुरुषाला जाब विचारते आणि बाईच्या भाषेत बोलते. मग सुबोध पुस्तक अधिक पोहोचले असेल, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. घडले उलट. रमाबाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्याच्या विक्रीने त्यांच्या १८८३च्या इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लावला. ताराबाईंचे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, परंतु ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी त्याचे पुनर्मुद्रण करीपर्यंत, म्हणजे त्र्याण्णव वर्षे, ते जवळजवळ विस्मृतीत होते.

यातून निघणारा पहिला निष्कर्ष असा : सोपी भाषा स्वतःच्या बळावर वाचकापर्यंत चालत जात नाही. ज्या बायकांची बोली ताराबाईंनी पुस्तकात आणली त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि हाती नऊ आणेही नव्हते. ज्यांना वाचता येत होते त्या पुरुषांना ती बोली असभ्य वाटली. ‘बाईला कळेल असे लिहा’ म्हणणाऱ्या समाजाला बाईने आपल्या भाषेत लिहिलेले पुस्तक मात्र झेपले नाही.

याही आधीचा एक दाखला सांगितला पाहिजे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांची मांग समाजातील विद्यार्थिनी होती. ज्यांना वेद वाचण्याची मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात केला. शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या हातून, शाळेतल्या भाषेत, शास्त्र्यांना निरुत्तर करणारा प्रश्न उमटू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. विचार खोल असला की भाषा गहन असलीच पाहिजे, या समजाला त्या निबंधाने सुरुवातीलाच छेद दिला आहे.

रमाबाईंची पुढची वाट

रमाबाई १८८२ मध्ये जिथे होत्या तिथेच राहिल्या असत्या, तर हा इतिहास सरधोपट झाला असता. १८८७ साली त्यांनी अमेरिकेत एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ते उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी होते आणि तसे त्याच्या नावातच म्हटले होते. आपण कोणाविषयी बोलत आहोत याची मर्यादा नावातच नोंदवण्याचा हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक लेखिकांना साधला नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. त्याची रचना प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडले आणि केडगावच्या मुक्ती सदनात निरनिराळ्या जातींच्या शेकडो निराधार मुली-बायका आल्या. वाचकवर्ग बदलला आणि त्याबरोबर रमाबाईंची भाषाही बदलली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्द खेड्यातील बाईला कळत नाहीत आणि त्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाच्या जुन्या अर्थच्छटा चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे दुहेरी म्हणणे होते. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले. त्याचे खिळे मुक्ती सदनातल्या बायकांनी जुळवले. त्यांचा हेतू धार्मिक होता आणि त्याविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, ज्या विदुषीच्या पहिल्या मराठी पुस्तकात समासांची गर्दी होती, तिने अखेरची वर्षे एकेक संस्कृत शब्द बाजूला सारण्यात घालवली. विशेष म्हणजे सोप्या शब्दांसाठी तिला विद्वत्ता सोडावी लागली नाही. उलट हिब्रू आणि ग्रीक नव्याने शिकावी लागली. सुबोधता ही कमी अभ्यासाची वाट आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

घरातली भाषा आणि शिकलेली बाई

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा आढावा थोडक्यात घेते. १९३४ ते ३६ या काळात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंच्या घरगुती बोलण्याला मराठी गद्याने आपल्या शिखरांत स्थान दिले. परंतु ताराबाईंची बोली नाकारली गेली आणि लक्ष्मीबाईंची स्वीकारली गेली, हा फरक केवळ काळाचा नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद वाचकाला आपलेसे करतो, ताराबाईंचा संताप वाचकाला आरोपी करतो. बाईची साधी भाषा गोड असेपर्यंत सर्वांना आवडते.

१९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि खळबळ उडाली. शिकून नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मध्यमवर्गीय मुलींचे ते जग होते. या कथा मूठभर शिक्षित मुलींच्याच आहेत असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु त्याच लेखिकेने, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, पुढे सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली आणि त्या अनुभवातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. लेखिका एका वर्गात जन्मली म्हणून तिची नजर तेथेच अडकून राहते असे नाही. मात्र नजर बाहेर न्यायला तिला घराबाहेर पडून त्या वस्तीत काम करावे लागले.

याच काळात किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक घरोघर जाऊ लागले. वाटेचा प्रश्न मासिकाने बऱ्याच अंशी सोडवला. पण घरोघर म्हणजे कोणाच्या घरोघर, हा प्रश्न उरलाच होता.

१९७५ नंतर : चळवळ आणि तिचा आरसा

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. ताराबाईंचे पुस्तक पुन्हा छापले जाणे आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन होणे या दोन्ही गोष्टी त्याच वर्षीच्या. या संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून चौकाचौकांत, शाळांत आणि गावांत झाले. अन्य भारतीय भाषांतही गेले. अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंत विचार नेण्याचा तो यशस्वी प्रयत्न होता. त्याच सुमारास गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्या गाजत होत्या. त्यांच्या नायिका परदेशी राहतात, त्यांना पैशाची चिंता नसते, त्यांचे प्रश्न सामान्य बाईचे नाहीत, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. उलट बाजूने असेही सांगितले गेले की, पोटाची चिंता मिटल्यावरही बाईचे परावलंबन मिटत नाही, हे दाखवायला अशीच नायिका हवी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. रस्त्यावरील नाटक आणि अंतर्मुख कादंबरी यांना एकमेकींचे काम करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

परंतु या दोन्ही प्रकारांत एक मोठी रिकामी जागा होती. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटेसे दुकान चालवीत, आणि पुडी बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचीत. घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षे त्यांनी आपली आणि आपल्या महार वस्तीची कहाणी लिहिली. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूप झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. पुढे त्यावर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका निघाली. या पुस्तकांची नावेच पाहा. ‘जिणं’, ‘जल्म’, ‘चित्तरकथा’ : प्रमाणभाषेची परवानगी न मागता बोली मुखपृष्ठावर आली. नागर वाचकाला यातील कित्येक शब्द अडतात. म्हणजे दुर्बोधतेची तक्रार आता उलट्या दिशेने होऊ शकत होती. कळत नाही असे म्हणण्याची पाळी सुशिक्षितांवर आली. ‘सुबोध’ हा शब्द उच्चारताना आपण मनात कोणता वाचक धरतो, ते येथे उघडे पडते.

१९८९ साली दोन घटना घडल्या. विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केले, आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यासाठी दोघींनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना गाठून त्यांच्या तोंडून हकिकती मिळवल्या. शीर्षकातील ‘ही’ या एका अक्षरात स्त्री-चळवळीवरची आणि दलित चळवळीवरची, अशी दुहेरी टीका भरलेली आहे.

या टीकेचे तात्त्विक रूप नव्वदच्या दशकात पुढे आले. १९९५ साली गोपाळ गुरू यांनी, दलित स्त्रिया वेगळे बोलतात आणि ते वेगळेपण समजून घेतले पाहिजे, असे मांडले. १९९८ मध्ये पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी तो धागा पुढे नेला. सत्तरच्या दशकातील चळवळीने ‘स्त्री’ म्हणून जिचे चित्र रेखाटले ती प्रत्यक्षात सवर्ण, मध्यमवर्गीय होती. आता दलित स्त्रीच्या जागेवरून सगळ्याच स्त्री-प्रश्नाकडे पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९९९ साली छाया दातार यांनी त्यास प्रत्युत्तर दिले. अशी अब्राह्मणी मांडणी खरोखरच अधिक मुक्तिदायी आहे काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. पुढे रेगे यांनीही उत्तर दिले. दोघीही महाराष्ट्रातल्या, दोघींचा चळवळीशी घनिष्ठ संबंध, वादाचा विषयही महाराष्ट्रातील स्त्रिया. आणि हा सारा वाद चालला तो एका इंग्रजी साप्ताहिकाच्या पानांवर. ज्या बेबीताईंच्या, शांताबाईंच्या नावाने जागा मागितली जात होती, त्यांना तो वाद वाचता आला नसता.

गंमत अशी की, त्याच सुमारास अमेरिकेतही हेच चालले होते. ज्युडिथ बटलर यांच्या एका वाक्याला १९९८ साली वाईट गद्याचे उपरोधिक बक्षीस मिळाले. १९९९ मध्ये मार्था नुसबॉम यांनी, बटलर यांचे दुर्बोध लेखन प्रत्यक्ष स्त्रियांच्या दुःखांकडे पाठ फिरवते, अशी झोड उठवली, आणि भारतातील स्त्री-अभ्यासक प्रत्यक्ष लढ्यात कशा उतरतात याचा दाखला दिला. रूढ भाषा रूढ समजुतींना धरून असते, तेव्हा नव्या विचाराला भाषा मोडावीच लागते, असा बटलर यांचा बचाव होता. त्याआधी कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी १९८४ साली, मुक्तीचा विचार मध्यमवर्गीय गोऱ्या गृहिणीभोवती का फिरतो, असे विचारून विद्यापीठाबाहेरच्या वाचकासाठी लिहिण्याचा आग्रह धरला होता. म्हणजे ही केवळ मराठीची अडचण नाही. शिक्षणाने ज्या थोड्यांना वर नेले, त्यांनी मागे राहिलेल्यांसाठी बोलायचे ठरवले की हा पेच उभा राहतोच.

हैदराबादचा अनुभव

आता आपल्या शहराकडे येते. ‘आम्हीही इतिहास घडवला’च्या तीन वर्षे आधी, १९८६ मध्ये, येथील स्त्री शक्ती संघटनेने ‘मनकु तेलियनि मन चरित्र’ म्हणजे ‘आपल्याला ठाऊक नसलेला आपला इतिहास’ हे तेलुगू पुस्तक प्रसिद्ध केले. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांच्या तोंडी हकिकती त्यात आहेत. मुंबईत मराठीत आणि हैदराबादेत तेलुगूत, दोन गटांनी एकच पद्धत शोधली : जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी सोपे लिहीत बसण्यापूर्वी तिचे ऐकून घ्यावे.

त्या हकिकतींत पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा आहेत. धोबी समाजातील ही स्त्री आपल्या जमिनीसाठी विसनूरच्या देशमुखाविरुद्ध उभी राहिली. १९८५ साली ती वारली. पुढल्या वर्षी निघालेले पुस्तक तिने पाहिले नाही आणि पाहिले असते तरी वाचले नसते. तरीही ते पुस्तक तिला परके नाही, कारण त्यात तिचे बोलणे आहे. १९४९ पासून रेसिडेन्सीच्या वास्तूत आपले मुलींचे महाविद्यालय भरत आले. २०२२ साली त्याचे महिला विश्वविद्यालय झाले आणि २०२४ मध्ये त्याला ऐलम्माचे नाव देण्यात आले. एका निरक्षर स्त्रीचे नाव विद्यापीठाला लाभले. परंतु नाव कमानीवर आणि भाषा कमानीबाहेर, असे होऊ नये ही जबाबदारी आत शिकणाऱ्यांवर आहे.

तेलुगूतही आपल्यासारखाच वाद झाला. १९९३ साली ‘नीलि मेघालु’ हा स्त्रीवादी कवितांचा संग्रह ओल्गा यांच्या संपादनाखाली निघाला. शरीराविषयी बाईने इतके उघड लिहावे काय, असा आक्षेप एका बाजूने आला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता : हे शरीर सवर्ण, शहरी बाईचे आहे; शेतात राबणाऱ्या, जातीने हिणवल्या जाणाऱ्या बाईचे यात काय आहे? जूपाक सुभद्रा, गोगू श्यामला यांच्यासारख्या दलित लेखिकांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २००३ साली गोगू श्यामला यांनी दलित स्त्रियांच्या लेखनाचा ‘नल्लपोद्दु’ हा संग्रह संपादित केला. टीका करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी १९२१ पासूनचे लेखन शोधून पुढे ठेवले.

याच शहरातील ‘अन्वेषी’ या १९८५ साली सुरू झालेल्या स्त्री-अभ्यास केंद्राशी निगडित असलेल्या सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे दोन मोठे इंग्रजी खंड १९९१ आणि १९९३ मध्ये सिद्ध केले. मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे त्यांतून जगापुढे गेल्या. येथील इंग्रजीच्या प्राध्यापिका माया पंडित यांनी ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ यांची इंग्रजी भाषांतरे केली. दोन्ही २००८ साली आली. इंग्रजी ही अभिजनांची भाषा खरीच. परंतु फलटणच्या बेबीताई आणि तेलंगणातील ऐलम्मा यांची गाठ घालून देणारी भाषाही आज तीच आहे. मराठी वाचकाला ऐलम्मा आणि तेलुगू वाचकाला बेबीताई थेट भेटाव्यात, असा दुवा या शहरातील आपण मराठी मंडळींनी व्हायला हवे होते. दोन्ही भाषा आपल्या तोंडी आहेत. हे काम आजही पुष्कळ शिल्लक आहे.

समारोप

या इतिहासातून माझ्या हाती जे लागले ते सांगून पुरे करते.

‘सोपे लिहा’ ही मागणी कोण करतो हे आधी पाहावे. बाईला विचार झेपणार नाही असे मानणारा ती करीत असेल, तर ती मागणी नाकारावी. मुक्ताचा निबंध आणि ताराबाईंचे पुस्तक हेच सांगतात की, विचार झेपण्याचा प्रश्न कधी नव्हताच. पण ज्या बाईविषयी आपण लिहितो तीच जर विचारीत असेल की ‘माझ्याविषयी काय लिहिले ते मला सांग’, तर तिला उत्तर देणे लेखिकेवर बंधनकारक आहे. तिथे परिभाषेच्या आड लपता येणार नाही.

कठीण भाषेचेही असेच आहे. नव्या विचाराला नवा शब्द लागतो. ‘पितृसत्ता’ हा शब्द एके काळी अवघडच होता. आज बचत गटाच्या बैठकीत तो सहज ऐकू येतो. शब्द अवघड असणे हा दोष नाही, तो समजावून सांगण्याची तसदी न घेणे हा दोष आहे. आणि समजावून सांगण्याचे काम शाळेइतके दुसरे कोण करणार? लेखिका आणि वाचक यांच्यामधली वाट शिक्षकच बांधतो. आपल्या ग्रंथालयात ताराबाई आणि रमाबाई शेजारीशेजारी असाव्यात, त्यांच्याजवळ बेबीताई असाव्यात, आणि मुलींना त्या तिघींशी भांडण्याची मोकळीक असावी. एखादी मुलगी उद्या म्हणेल की रमाबाईंचे मराठी मला कळत नाही. तिला रमाबाई सोप्या करून द्याव्यात, आणि पाठोपाठ त्या तशा का लिहीत होत्या हेही सांगावे. दुसरी म्हणेल की बेबीताईंची भाषा अशुद्ध आहे. तिच्याशी थोडे अधिक वेळ बोलावे.

रमाबाई, मालतीबाई, ऊर्मिला पवार, गोगू श्यामला या सगळ्या आपापल्या काळी कोणाच्या तरी दृष्टीने एक तर फार वरच्या होत्या, नाही तर फार खालच्या. त्यांच्यातील मतभेद मिटवण्याची मला गरज वाटत नाही. ज्या घरात बायका एकमेकींशी वाद घालतात त्या घरात त्यांना बोलायची मुभा असते, आणि ती मुभा मिळवण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या मुभेचा उपयोग वाद अधिक स्वच्छपणे, आणि अधिकाधिक बायकांच्या देखत घालण्यासाठी व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.